गुस्तावची पिसं जातात कुठं

१

रोज बारा वाजता सिग्ने रुनाला बाहेर झोपवायची. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बाळगाडी उभी करायची, लोकरीचं दुपटं हनुवटीपर्यंत ओढायचं, पट्टा लावायचा, मांजर येऊ नये म्हणून वरून जाळी ताणायची आणि उशाशी मॉनिटर ठेवून आत यायचं. मॉनिटरचा दुसरा डबा खिडकीच्या फळीवर असायचा. त्यातून रुनाचा श्वास ऐकू यायचा. डेन्मार्कमधल्या या लेमविग गावात सगळ्यांचीच बाळं अशी उघड्यावर झोपतात. बेकरीच्या दारात तीन-तीन गाड्या उभ्या असतात आणि आया आत बसून कॉफी पीत असतात. सिग्ने स्वतः अशीच झोपून वाढलेली. पण रुना तिची पहिली, चार महिन्यांची. त्यामुळे भांडी घासताना, कपडे वाळत घालताना सिग्नेचा एक कान त्या डब्यालाच चिकटलेला असायचा.

खिडकीच्या आतल्या अंगाला गुस्तावचा पिंजरा होता. गुस्ताव म्हणजे येप्पेच्या इंगर मावशीचा राखी पोपट, शेपूट लालभडक. मावशी उन्हाळ्यात वृद्धाश्रमात राहायला गेली, तिथे पक्षी चालत नव्हता, म्हणून सिग्नेच्या नवऱ्यानं, येप्पेनं, त्याला घरी आणलं. तो मावशीच्याच घोगऱ्या आवाजात ओरडायचा, "दार लाव, गार लागतं!" पोस्टमन बिचारा दोनदा दार लावून निघून गेला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सिग्नेला त्याच्या छातीवर नाण्याएवढी गुलाबी चामडी दिसली. चार दिवसांनी ती तळहाताएवढी झाली.

सिग्ने मुळातच घाबरी. तिनं लगेच पिंजऱ्याचा ट्रे ओढून पाहिला. ट्रेमध्ये बियांची टरफलं होती, विष्ठा होती, अर्धं खाल्लेलं गाजर होतं.

पीस एकही नव्हतं.

२

"मत्सर गं, दुसरं काय!" ग्रेथे म्हणाली. ग्रेथे म्हणजे येप्पेची आई. दर मंगळवारी दालचिनीचे बन घेऊन यायची आणि त्यातले निम्मे स्वतःच संपवायची. "घरात बाळ आलं की पाळलेल्या जिवाचं असंच होतं. येप्पेला बहीण झाली तेव्हा यानं माझ्या नव्या पडद्याला कात्री लावली होती."

"आई, किती वर्षं तेच उगाळशील?" येप्पे मासळीच्या कारखान्यातून पहाटेची पाळी करून आला होता. टेबलावर डोकं टेकून बसला होता.

"पडदा परत मिळाला नाही, म्हणून उगाळते."

"पण ग्रेथे, उपटलेली पिसं जातात कुठं?" सिग्नेनं विचारलं. "मी दिवसातून दोनदा झाडते. एक तरी सापडायला नको?"

"खात असेल."

"कोण, येप्पे?"

तिघंही हसले. सिग्नेला बरं वाटलं. असं हसल्यावर वाटतंच, की आपण उगाच राईचा पर्वत करत होतो.

तिनं होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या, दाणे बदलले, पालक, ढोबळी मिरची दिली. घरातल्या हीटरनं हवा कोरडी होते आणि पक्ष्याची कातडी खाजते असं वाचलं, म्हणून रोज सकाळी कोमट पाण्याचा फवारा मारला. कंटाळ्यानं उपटतात म्हणाले, तर पुठ्ठ्याच्या नळकांड्यात अक्रोड लपवून टांगले. झोप कमी पडते म्हणाले, तर सातला पिंजऱ्यावर चादर घातली. गुस्ताव अक्रोड खायचा, फवाऱ्याखाली पंख पसरायचा, खुशीत दिसायचा. सकाळभर अंगाला चोच लावायचा नाही.

बारा वाजले, रुनाची गाडी खिडकीखाली लागली, की तो गप्प व्हायचा. दांडीवरून उतरून खिडकीकडच्या सळ्यांना बिलगायचा. आणि मग सुरू.

३

एका दुपारी सिग्ने दाराआड उभी राहून पाहत राहिली.

गुस्तावनं मान वाकवली, छातीवरचं एक मऊ पीस चोचीत धरलं आणि झटका दिला. टिच. एवढासाच आवाज झाला. तो कळवळला, डोळे मिटले. पण त्यानं पीस टाकलं नाही. चोचीत धरून सळ्यांमधून बाहेर काढलं, खिडकीच्या वरच्या झडपेच्या दिशेनं. बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून सिग्ने ती झडप बोटभर उघडी ठेवायची. गुस्ताव तसाच थांबला, कुणाला काही द्यावं तसा.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. सिग्नेनं नकळत तिकडे पाहिलं असेल, क्षणभर. परत पाहिलं तर चोच रिकामी होती.

वारा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. झडपेतून ओढ लागते. हलकं पीस, गेलं उडून. ती बाहेर गेली. खिडकीखाली, गाडीभोवती, कुंड्यांमागे शोधलं. वारा असता तर झाडाचं पान हललं असतं. काही हलत नव्हतं.

जाळीखाली रुना झोपली होती. झोपेत हसत होती.

४

पक्ष्यांची डॉक्टर शेजारच्या मोठ्या गावात होती. लिसबेट तिचं नाव, हात मोठे आणि उबदार. तिनं गुस्तावला टॉवेलात गुंडाळून तपासलं, रक्त घेतलं, पिसांचं मूळ भिंगाखाली पाहिलं. उवा नव्हत्या, बुरशी नव्हती, रोग नव्हता.

"दुसरा कुठला प्राणी आहे घरात? मांजर, दुसरा पक्षी?"

"नाही."

"हं. डोकं बघा त्याचं, अगदी शाबूत आहे. स्वतःच्या डोक्याला त्याची चोच पोचत नाही ना. म्हणजे हे याचंच काम. दुसऱ्या कुणी केलं असतं तर आधी डोकं बोडकं झालं असतं." तिनं छातीवर बोट फिरवलं. "एक मात्र वेगळं आहे. हे सहसा दिसेल ते उपटतात. हा फक्त आतली लव काढतोय. सगळ्यात मऊ, सगळ्यात उबदार. उपटलेली थोडी आणता का मला?"

"सापडत नाहीत."

"फारच स्वच्छ घर दिसतंय!" लिसबेट हसली. मग सिग्नेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून जरा नरमाईनं म्हणाली, "हे बघा, पोपट म्हणजे दोन वर्षांचं मूल. सवय लागली की त्याची त्याला मोडत नाही. आपण त्याला थांबवायचं. काही आठवडे कॉलर घालू. पिसं परत येतील."

प्लॅस्टिकची पांढरी गोल कॉलर गळ्यात बसली, तसा गुस्ताव ताठ झाला. घरी येईपर्यंत तो सिग्नेकडे एकटक पाहत होता. ओरडला नाही, चावला नाही. नुसता पाहत होता.

५

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो ओरडायला लागला.

मावशीच्या आवाजात नाही, कुणाच्याच आवाजात नाही. सळ्यांवर चढायचा, कॉलर आपटायचा, छातीकडे चोच नेऊ पाहायचा, नेता आली नाही की पुन्हा आपटायचा. सिग्नेनं कॉलर सरळ करायला हात घातला, तर बोट फाडलं. हे तो आजवर कधी करत नव्हता.

"सवय होईल," येप्पे बोटाला पट्टी बांधत म्हणाला. "माणूससुद्धा सिगारेट सोडताना असाच करतो. माझे बाबा आठव."

आणि नेमकी त्याच आठवड्यात रुना छान झोपायला लागली. आधी दीड तास झोपायची, आता तीन तीन तास, हूं की चूं नाही. घरी येणारी बाळांची नर्स वजन करून खूश झाली. "गुणी बाळ आहे. तुम्हीही या वेळात जरा आडव्या होत जा."

"तिचं जावळ बघा ना," सिग्ने म्हणाली. रुनाला जन्मतःच दाट काळे केस होते. आता डाव्या कानाच्या वर एक जागा मोकळी झाली होती. गोल. गुळगुळीत.

"सगळ्यांचं गळतं. उशीला घासून."

"उशीला मागची बाजू घासते. हे वर आहे. आणि उशीवर केस नाही. दुपट्यावर नाही. मी रोज बघते."

नर्सनं वही मिटली आणि मऊ आवाजात विचारलं, "सिग्ने, तुमची झोप कशी आहे?"

सिग्नेनं बरी आहे म्हणून सांगितलं आणि कॉफी ओतली.

६

शुक्रवारी मुसळधार पाऊस होता. रुनाला तिनं आत, झोपायच्या खोलीत ठेवलं. गाडी रिकामीच, छपराखाली सरकवलेली.

रुना रडून रडून झोपली. सिग्ने स्वयंपाकघरात येऊन बटाटे सोलायला बसली. घरात दोनच आवाज होते. छपरावर पाऊस, आणि खिडकीच्या फळीवरच्या डब्यातून येणारा श्वास. संथ, लांब. किती छान झोपलीय, तिला वाटलं.

तिसरा बटाटा हातात असताना तिला आठवलं, की मॉनिटर आपण गाडीतून काढलाच नाही. तो अजून बाहेर, रिकाम्या गाडीत होता.

डबा श्वास घेत होता. आत एक, बाहेर एक. रुनाच्या श्वासापेक्षा खूप लांब. मग त्यात गुणगुण आली. सूर नव्हता, शब्द नव्हता. बाळाला थोपटताना बाई करते तशी, पण ज्यानं बाई पाहिली नाही, नुसती ऐकली आहे, त्यानं करावी तशी.

पिंजऱ्यात गुस्ताव कॉलर छातीशी दाबून, अंग चोरून बसला होता. गुणगुण थांबली तेव्हा त्यानं ती हुबेहूब करून दाखवली, हळू आवाजात. आणि शेवटी जिभेनं आवाज केला. टिच. थोडं थांबून परत, टिच. किती तरी वेळ. हे त्याला पाठ होतं. म्हणजे हे त्यानं पुष्कळदा ऐकलेलं होतं.

सिग्नेनं डबा बंद केला. शेजारच्या गल्लीत बाळ आहे, तिनं स्वतःला समजावलं. दुसऱ्याच्या मॉनिटरचे आवाज कधी कधी आपल्यात येतात, येप्पेनंच सांगितलं होतं. असंच असणार. असंच असतं.

तरी तिनं उरलेले बटाटे रुनाच्या खाटेजवळ जमिनीवर बसून सोलले.

७

सोमवारी कॉलर तपासायला गुस्तावला न्यायचं होतं. ग्रेथे रुनाजवळ थांबायला आली.

"ग्रेथे, तिला आतच झोपव हं. बाहेर नको."

"का गं? सर्दी झालीय?"

"नाही. पण नको. माझ्यासाठी."

"बरं बरं," ग्रेथे कोट काढत म्हणाली. "मी तीन मुलं वाढवली बर्फात. पण बरं."

दवाखान्यात लिसबेट खूश होती. छातीवर पिसांचे नवे कोंब दिसत होते. सिग्नेचं लक्ष लागेना. ती बारा वीसला परत आली. झिमझिम सुरू झाली होती, इथली नेहमीची, अंगाला लागते पण एरवी दिसत नाही अशी. पिंजरा हातात धरून ती मागच्या फाटकातून आत शिरली, आणि पिंजऱ्यात गुस्ताव किंचाळला.

बाळगाडी खिडकीखाली उभी होती.

आत काचेपलीकडे ग्रेथे पाठमोरी उभी होती, रेडिओच्या गाण्यावर मान हलवत. सिग्ने हाक मारणार होती. पण तिला गाडीवरचा पाऊस दिसला.

गाडीच्या वर पाऊस सरळ खाली येत नव्हता. हातभर उंचीवर थेंब कशावर तरी टेकत होते आणि ओघळत होते, एका लांब, वाकलेल्या उतारावरून. पाठीसारख्या. पावसानं ती पाठ नुसती रेघांनी काढली होती, मधे काहीच नव्हतं. पलीकडच्या कुंड्या दिसत होत्या. जाळी एका जागी आत दबली होती, वर काही ठेवलेलं नसताना.

जाळीच्या भोकातून एक काळा केस वर येत होता. अगदी सरळ, सावकाश, सुईतून दोरा ओढावा तसा. पूर्ण बाहेर आला आणि दिसेनासा झाला.

टिच.

खाली रुना जागी होती. ती वर बघून हसत होती. आईकडे बघून हसायची तसंच.

सिग्नेला नंतर आठवत नव्हतं की ती ओरडली की नाही. पिंजरा चिखलात पडला होता, ग्रेथे दारात होती, रुना सिग्नेच्या छातीशी होती. "अगं रडत होती गं पोर! बाहेर ठेवली आणि दोन मिनिटांत गप्प! काय झालं तुला? सिग्ने, पोरीला असं आवळू नकोस!"

सिग्ने रुनाचं तोंड उजेडाकडे करून बघत होती. उजव्या डोळ्याला पापणीचे केस राहिले नव्हते. एकही नाही.

८

तिनं येप्पेला सगळं सांगितलं. ऐकताना त्यानं तोंडावर हात धरला. ती थांबली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तिनं ओळखलं, की हे डोळे पोरीसाठी भरलेले नाहीत.

त्यानंतर ती कुणाला काही बोलली नाही.

मंगळवारी बारा वाजता तिनं झोपायच्या खोलीची खिडकी लावली, दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि रुनाला मांडीवर घेतलं. पंधरा मिनिटं काही नाही. हीटर टकटकत होता. मग रुनानं मान वर केली, छताकडे पाहिलं आणि हसली. आणि सिग्नेच्या डोळ्यांदेखत, तिच्या स्वतःच्या कुशीत, पोरीच्या कपाळावरचा एक केस उभा राहिला.

बाहेर स्वयंपाकघरात गुस्ताव कॉलर आपटत होता. धाड. धाड. धाड.

तेव्हा तिला कळलं. सगळं नाही, सगळं तिला कधीच कळलं नाही. एवढंच कळलं, की जोवर त्या पक्ष्याचं अंग मोकळं होतं तोवर रुनाच्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. ती रुनाला काखेत घेऊन धावली आणि पिंजऱ्याचं दार उघडून कॉलरचे बंद कात्रीनं कापले.

गुस्ताव सळ्यांवर चढला. नव्यानं फुटलेला, अजून रक्त भरलेला कोंब त्यानं मुळातून ओढला आणि बाहेर धरला. छातीवरून लाल रेघ ओघळली. त्यानं दुसरा ओढला. घर शांत झालं. रुनानं जांभई दिली.

आठवडाभर असं चाललं. सिग्ने रोज त्याच्या अंगाकडे पाहायची. छाती संपली, पाठ संपली, मांड्या संपल्या. डोक्यावर दाट पिसं होती, पण तिथे त्याची चोच पोचत नव्हती. बुधवारी बारा वाजून गेले तेव्हा तो सळीला लटकून थरथरत होता, आणि त्याच्या चोचीत काही नव्हतं.

सिग्ने त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचे केस लांब होते, पिवळसर, लहानपणापासून तिनं कुणाला कापू दिले नव्हते. तिनं कानामागचा एक केस बोटाला गुंडाळला, ओढला आणि झडपेतून बाहेर धरला.

कुणीतरी तो घेतला. हळूच, आभार मानल्यासारखा.

९

नोव्हेंबरच्या शेवटी गुस्ताव पुन्हा राखी दिसायला लागला. "बघ, दाणे बदलल्याचा गुण!" ग्रेथे म्हणाली. रुनाच्या पापणीला बारीक केस फुटले. तिचं जावळ भरलं. ती पालथी पडायला लागली. घरात सगळं ठीक होतं, फक्त सिग्ने घरातही लोकरीची टोपी घालायची.

येप्पेनं ती टोपी एका रात्री, ती झोपेत असताना, वर सरकवून पाहिली.

मग सगळे मऊ आवाजात बोलायला लागले. नर्स दोनदा येऊन गेली. मोठ्या शहरातल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात जागा मिळाली. दोन तासांचा रस्ता.

"पंधरा दिवस फक्त," येप्पे तिची पिशवी गाडीत ठेवत म्हणाला. "तिथे खूप आयांना बरं केलंय त्यांनी. तू एकटी नाहीस, सिग्ने."

"रुनाला घेऊन जाऊ या बरोबर."

"आई आहे ना तिच्याजवळ."

ग्रेथेनं दारातच तिला मिठी मारली, घट्ट, बराच वेळ. "मी तुला खूप बोलले, मनावर घेऊ नकोस पोरी. मी रुनाला फुलासारखी सांभाळीन. तू सांगशील तसं करीन. आत झोपवीन, शपथ."

आत किंवा बाहेर, सिग्नेला वाटलं, काय फरक पडतो. तिनं रुनाचा टाळूजवळचा वास छातीभर ओढून घेतला आणि गाडीत बसली. भांडून उपयोग नव्हता. भांडली असती तर पंधराचे तीस झाले असते.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं, मधे पवनचक्क्या. गाडीतल्या घड्याळात बाराला चार कमी होते. सिग्नेनं टोपी काढली. काच बोटभर खाली केली. एक केस उपटला आणि वाऱ्यात सोडला. मग दुसरा. ये, ती मनात म्हणत होती. इकडे ये. माझ्याकडे अजून खूप आहेत. ये ना.

"सिग्ने, नको गं," येप्पेचा आवाज फुटला. "राणी, नको ना असं करू." त्यानं डाव्या हातानं चाक धरलं आणि उजव्या हातानं तिची दोन्ही मनगटं एकत्र धरली, तिच्या मांडीवर, घट्ट. तिनं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याची पकड मासे उचलणाऱ्या माणसाची होती.

बारा वाजले. बारा वाजून एक. ती घड्याळाकडे पाहत रडत होती. तिकडे आता ग्रेथेनं पोरीला खाटेत ठेवलं असेल. रुना छताकडे बघत असेल.

बारा वाजून तीन मिनिटांनी मागच्या सीटवरून गार हवा आली. काच तर पुढची उघडी होती. मग तिच्या मानेवर, अगदी मुळाशी, एक केस हळूच ताणला गेला.

टिच.

तिची दोन्ही मनगटं येप्पेच्या मुठीत होती.

"काय झालं?" येप्पेनं आरशात पाहिलं, मग तिच्याकडे. तिचं रडणं थांबलं होतं. कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता असा तिचा चेहरा निवळला होता. "बरं वाटतंय का जरा?"

"हो," सिग्ने म्हणाली. मानेमागे गुणगुण सुरू झाली होती. "येप्पे, मधे कुठे थांबू नकोस. आणि दवाखाना आला तरी गाडी वळवू नकोस. जितकं लांब नेता येईल तितकं ने मला."

दुसरा केस ताणला गेला. त्रास होऊ नये म्हणून तिनं मान जरा पुढे वाकवून दिली.